डोकं थंड करणाऱ्या पाल्याची परीक्षा

सिंधुदुर्गात कुणाच्या वाडीत जाऊन ब्राह्मी कुठे आहे म्हणून विचारलंत, तर बहुतेक वेळा पोफळींच्या मधल्या पाटाकडे बोट जाईल. कायम ओल असलेल्या त्या जागेत जमिनीवर सरपटत गेलेली एक वनस्पती असते. लांब देठ, टोकाला एकच गोलसर पान आणि पानाची कडा कातरलेली. ही मंडूकपर्णी. कुणी तिला एकपानी म्हणतं, कुणी कारिवणा. हाच प्रश्न वैद्यांना विचारा, ते कदाचित दुसरंच काही दाखवतील. तीही ओलीतच वाढते, पण पानं बारीक, जाडसर, समोरासमोर आणि फुलं पांढरट-जांभळी. ही जलब्राह्मी. पहिली कोथिंबीर-गाजराच्या कुळातली, दुसरी इसबगोलाच्या. दोघींमधली मुख्य रसायनंही वेगळी. पण दोघींबद्दल घरातली म्हातारी माणसं सांगतात ते एकच: ‘ह्यां तेल लाव, डोक्यां थंड रवतलां.’

या सांगण्यात तथ्य आहे का, हे तपासायचं तर पहिली पंचाईत इथेच होते. ‘ब्राह्मीचा प्रयोग केला’ असं कुणी सांगितलं, तर कुठल्या ब्राह्मीचा? शंखपुष्पीचं तर याहून अवघड. कुणी विष्णुक्रांतेला शंखपुष्पी म्हणतं, कुणी कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाला, आणि उत्तरेकडे तिसरीच वनस्पती त्या नावानं विकली जाते. म्हणून वनौषधीवरचा कुठलाही संशोधन-निबंध हातात आला, की मी आधी निकाल वाचत नाही. वनस्पती कुणी ओळखली आणि तिचा वाळवून चिकटवलेला नमुना कुठल्या वनस्पतिसंग्रहात ठेवला, ती ओळ शोधतो. ती नसेल तर पुढचे आकडे कितीही देखणे असोत, ते नेमके कशाचे आहेत हे कुणालाच सांगता येणार नाही.

ताण मोजायचा म्हणजे काय मोजायचं?

‘टेन्शन’ हा शब्द आपण परीक्षेपासून पायरीवरच्या सापापर्यंत सगळ्याला वापरतो. शरीरशास्त्रात त्याला नेमका अर्थ मिळाला तो हान्स सेल्ये या शास्त्रज्ञामुळे. माँट्रियलमध्ये ते उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचून त्यांचा परिणाम पाहत होते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजायच्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसायची आणि पोटात व्रण पडायचे. नवं हार्मोन सापडलं असं त्यांना वाटलं. पण खात्रीसाठी त्यांनी नुसतं फॉर्मॅलिन टोचून पाहिलं, तर तेच तीन बदल दिसले. थंडी, जखम, अतिश्रम, काहीही केलं तरी तेच. म्हणजे हा अर्काचा गुण नव्हताच, कुठल्याही आघाताला शरीर देत असलेलं ते ठरावीक उत्तर होतं. १९३६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी हे छोट्या टिपणात मांडलं.

आज या उत्तराची साखळी बरीच उलगडली आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस इशारा देतो, पिट्युटरी ग्रंथी तो पुढे पाठवते आणि अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल सोडते. उंदरात मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन. त्यानं रक्तात साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. काम झालं की तेच हार्मोन मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतं. रोज रोज ताण असेल, तर हा ‘पुरे’ नीट पोचत नाही आणि मग झोप, पचन, रक्तदाब, प्रतिकारशक्ती असं एकेक बिघडायला लागतं.

म्हणून ताणावरच्या वनस्पतीकडून अपेक्षा गुंगी आणण्याची नाही. १९४७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ लाझारेव यांनी अशा पदार्थांसाठी ‘अ‍ॅडाप्टोजेन’ हे नाव काढलं आणि पुढे ब्रेखमान यांनी त्याच्या अटी घातल्या. पदार्थ निरुपद्रवी हवा, एकाच नव्हे तर अनेक तऱ्हेच्या आघातांसमोर शरीराला टिकवणारा हवा, आणि बिघडलेलं माप वर असो की खाली, त्याला मूळ जागी आणणारा हवा. आपल्या आयुर्वेदातली ‘रसायन’ औषधं, म्हणजे शरीराचं बळ टिकवणारी मानलेली, या चौकटीत बसतात का, असा प्रश्न भारतीय संशोधकांना पडणं साहजिक होतं.

मुंबईत केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. डहाणूकर मराठी वाचकांना लेखिका म्हणूनही ओळखीच्या. त्यांच्या गटाचा १९९९ मधला निबंध सहा रसायन वनस्पतींवर होता: गुळवेल, शतावरी, आवळा, अश्वगंधा, पिंपळी आणि हिरडा. अर्क तोंडावाटे देऊन मग प्राण्यांना एकाच नव्हे, तर जैविक, भौतिक आणि रासायनिक अशा वेगवेगळ्या आघातांना सामोरं नेलं. मला ही मांडणी पटते, कारण ‘अनेक आघात’ ही मूळ अट त्यांनी गंभीरपणे घेतली होती. यातल्या अश्वगंधेला मात्र कोकण मानवत नाही. तिला कोरडी हवा लागते, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडची ती. आपल्या बाजारात येते ती घाटावरून.

अर्क, उंदीर आणि डोस

वनस्पती ओळखली, आता ती वाळवायची. सोपं वाटतं, पण श्रावणात कोकणात पापड वाळत नाहीत, तिथे रसरशीत पानं काय वाळणार? ओल राहिली की बुरशी येते, आणि काही बुरशींची विषं यकृतावर घाला घालतात. शिवाय पावसाळ्यात तोडलेल्या आणि एप्रिलमध्ये तोडलेल्या पानातलं रसायनांचं प्रमाण सारखं नसतं. म्हणून अर्कात एखाददुसरं ओळखीचं रसायन किती टक्के आहे ते मोजून लिहितात. मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड, जलब्राह्मीत बॅकोसाइड, अश्वगंधेत विथॅनोलाइड. याला प्रमाणीकरण म्हणतात. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, यावरही काय उतरेल ते ठरतं. घरचा काढा पाण्यातला आणि प्रयोगातला अर्क अल्कोहोलातला असेल, तर एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

मग येतात उंदीर. प्राण्यांच्या नैतिक समितीची परवानगी घेऊन, विषारीपणा तपासून झाल्यावर नेहमीच्या दोन-तीन परीक्षा घेतल्या जातात. अधिक चिन्हाच्या आकाराची उंचावरची वाट हे त्यातलं एक साधन. चारपैकी दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. उंदराला उघड्यावर जायची भीती असते, तो भिंतीच्या आडोशाला राहतो. पाच मिनिटांत तो उघड्या फाट्यावर किती वेळा गेला, किती रेंगाळला ते मोजायचं. दुसरी परीक्षा १९७७ मध्ये पोर्सोल्ट यांनी आणलेली. उंदराला पाण्याच्या उभ्या नळकांड्यात सोडतात, बाहेर पडायला वाट नसते. थोडा वेळ धडपडून तो नुसता तरंगत राहतो. औषध दिल्यावर तो जास्त वेळ पोहला, तर औषध लागू पडलं असं धरतात.

ही दुसरी परीक्षा मला कधीच पूर्ण पटलेली नाही, आणि आता जगभर तिच्यावर टीकाही होते. तरंगणारा उंदीर हताश झाला आहे की सुटका नाही हे ओळखून ताकद राखतोय? आपल्याकडे खाडीत पोहायला शिकवताना पोराला पहिल्यांदा तरंगायलाच शिकवतात. शिवाय ही परीक्षा मुळात नैराश्यावरची औषधं चाळून काढायला केलेली. नुसत्या तिच्या जोरावर ‘ताण कमी करते’ असा शिक्का मारणं म्हणजे घाई झाली. तुळशीवर १९८१ साली झालेल्या गाजलेल्या भारतीय अभ्यासातही उंदीर किती वेळ पोहत तगतात हे एक माप होतं. ते दमसासाचं माप, आणि दमसास म्हणजे मनःशांती नव्हे.

उलट बाजूनंही फसगत होते. निपचित पडलेला उंदीर शांतच दिसतो. म्हणून चांगल्या प्रयोगात त्याला फिरत्या दांड्यावर ठेवून तोल जातो का तेही बघतात. गुंगीनं तो पडायला लागला, तर वनस्पतीत ताण कमी करण्याचा नव्हे, झोप आणण्याचा गुण आहे. भारदस्त पुरावा हवा, तर वागणुकीसोबत शरीरही तपासावं लागतं. काशी हिंदू विश्वविद्यालयात भट्टाचार्य आणि मुरुगानंदम यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अश्वगंधेच्या प्रयोगात उंदरांना २१ दिवस पायाला सौम्य विजेचे अनियमित झटके दिले आणि जठरातले व्रण, कॉर्टिकोस्टेरॉन, रक्तातली साखर, स्मरण असं बरंच काही मोजलं. एका गटाला तुलनेसाठी जिनसेंग हे चीन-कोरियाकडचं औषधी मूळ दिलं होतं. सेल्येंनी पाहिलेली खूण आणि उंदराचं वागणं दोन्ही एका दिशेला वळली, तरच त्या निकालाला वजन येतं.

तरीही उंदीर फार हळवा प्राणी. कॉर्टिकोस्टेरॉन दिवसाच्या वेळेनुसार चढतं-उतरतं, म्हणून एक गट सकाळी आणि दुसरा संध्याकाळी तपासला की निकाल गेला. २०१४ मध्ये माँट्रियलच्याच संशोधकांनी दाखवलं, की पिंजऱ्याजवळ पुरुष आला तर त्याच्या नुसत्या वासानं उंदरांचा ताण वाढतो, बाई आली तर तसं होत नाही. म्हणजे प्रयोगशाळेत त्या दिवशी ड्युटी कुणाची होती, हेही लिहून ठेवायला हवं.

आता डोसचं गणित करून बघू, कारण जाहिराती इथेच हात मारतात. समजा, उंदरांच्या एका प्रयोगात दर किलो वजनामागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला आणि गुण आला. उंदराचा डोस माणसाला लावताना त्याला साधारण ६.२ नं भागतात, कारण लहान प्राण्याचं शरीर औषध झपाट्यानं वापरून टाकतं. भागाकार ८० मिलिग्रॅमच्या आसपास. ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ ४.८ ग्रॅम अर्क. १०० ग्रॅम वाळलेल्या पानांतून १० ग्रॅम अर्क निघत असेल, तर रोज ४८ ग्रॅम सुकी पानं. ताज्या पानात पाचातले चार भाग पाणीच धरलं, तर पाव किलोच्या आसपास हिरवा पाला. रोज, एका माणसाला! वाडीतली सगळी एकपानी आठवड्यात संपेल. तेव्हा ‘उंदरांवर सिद्ध’ असं लिहिलेल्या सरबताच्या दोन चमच्यांत काय असेल, याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

माणसांवर

माणसांवरची चाचणी वाचताना मला नेहमी आंब्याचा बागायतदार आठवतो. एप्रिलमध्ये देवगडच्या एखाद्या बागायतदाराला विचारा, ताण किती आहे. फुलकिडे, अवकाळी पाऊस, वाशीतला दर, बँकेचा हप्ता, सगळं एकदम डोक्यावर. त्याला आठ आठवडे कुठलाही काढा द्या आणि जूनमध्ये परत विचारा. आंबा उतरलेला, हिशोब मिटलेला, पाऊस लागलेला. माणूस निवांत असणारच! माणसं चाचणीत येतातही बहुधा ताण टोकाला गेल्यावर, आणि टोकाची गोष्ट आपोआप थोडी खाली येते. म्हणून काढा न घेतलेले, पण त्याच मोसमातून जाणारे दुसरे बागायतदार हवेतच. त्यांना दिसायला, वासाला, चवीला तशीच पण औषध नसलेली गोळी द्यायची. कोणाला काय मिळालं हे ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. वाटणी चिठ्ठ्या टाकून. वनौषधीत हे सांभाळणं कठीण, कारण वेखंड किंवा अश्वगंधेचा वास लपत नाही. कॅप्सूल उपयोगी पडते ती इथे.

ताण मोजायला सहसा दहा प्रश्नांची एक यादी वापरतात. गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या, अशा धर्तीचे प्रश्न, शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत ६४ जणांपैकी काहींना अश्वगंधेच्या मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. या यादीवरचे गुण अश्वगंधेच्या गटात ४४ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्या गटात साडेपाच टक्क्यांनी. कॉर्टिसोल २७.९ टक्के विरुद्ध ७.९ टक्के. आकडे दणदणीत आहेत. पण माणसं ६४ आणि मुदत दोन महिने. त्यानंतरच्याही अनेक चाचण्या लहानच आहेत आणि बऱ्याच चाचण्यांना त्या त्या अर्काच्या उत्पादकांचं पाठबळ असतं. त्यामुळे अश्वगंधेचा ताणावर काहीतरी गुण दिसतो इथपर्यंत मी येतो, ‘४४ टक्के ताण गायब’ इथपर्यंत नाही.

कॉर्टिसोल रक्तातून मोजण्यातही मेख आहे. सुई बघूनच काहींचं कॉर्टिसोल चढतं. म्हणून लाळ घेतात, किंवा केस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्यात कॉर्टिसोल साठत जातं, म्हणजे टाळूजवळचे तीन सेंटिमीटर हा गेल्या तीन महिन्यांचा दाखला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात तुळशीच्या अर्कावर १०० जणांची आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात तुळस घेणाऱ्यांच्या केसांतलं कॉर्टिसोल शेवटी कमी भरलं. उंदरांच्या पोहण्याच्या परीक्षेपेक्षा मला हा पुरावा जवळचा वाटतो.

आणि आपली एकपानी? २००० साली कॅनडात ४० निरोगी माणसांवर एक चाचणी झाली. काहींना १२ ग्रॅम मंडूकपर्णी एकाच वेळी दिली, मग अचानक मोठा आवाज करून ती किती दचकतात ते मोजलं. अर्ध्या तासानं आणि तासानं ती कमी दचकत होती. पण त्यांना स्वतःला काही फरक वाटला का? मनःस्थितीच्या गुणांत, नाडीत, रक्तदाबात म्हणण्यासारखा बदल नव्हता. आता याला डोकं थंड होणं म्हणायचं का? शरीराची एक प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली, माणूस मात्र ‘मला बरं वाटतंय’ म्हणाला नाही. मला हा निकाल यासाठीच प्रामाणिक वाटतो, की त्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत.

घरच्या तेलाची चाचणी कुणी करायची म्हटली, तर गंमत आणखी वाढेल. खोबरेल तेलात ब्राह्मी आणि माका घालून पाण्याचा अंश जाईपर्यंत उकळतात, गाळून ठेवतात आणि रात्री कुणीतरी बसून डोक्याला जिरवतं. गुण कशाचा? पाल्याचा, तेलाचा, की चोळणाऱ्या हाताचा? एक गट साध्या खोबरेल तेलाचा, दुसरा ब्राह्मीच्या, तेवढ्याच वेळ तेवढंच चोळायचं. तिसऱ्याला ब्राह्मीचं तेल स्वतःच्या हातानं लावायला सांगायचं. साधं तेल हिरवं आणि तशाच वासाचं करायला हवं, नाहीतर लगेच ओळखतील. पाल्यातलं रसायन कवटी ओलांडून मेंदूत पोचतं का, हा प्रश्न त्याच्याही नंतरचा. माझा कल विचाराल तर मोठा वाटा चोळणाऱ्या हाताचा असावा. पण हा फक्त कल झाला.

कोकणच्या रानात सापडणाऱ्या एका वनस्पतीनं मात्र ही सगळी वाट चालून दाखवली आहे: सर्पगंधा. कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिचं मूळ मनोविकार आणि रक्तदाबावर वापरून त्याचा अहवाल दिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरची निरीक्षणं ब्रिटिश नियतकालिकात छापली, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं. क्षुब्ध रुग्ण त्यानं शांत होत. पुढे कळलं, की रिसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचे साठे रिकामे करतं, आणि काही रुग्ण शांत होण्याच्या पलीकडे जाऊन खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. मग संशोधकांनी उंदरांना मुद्दाम रिसर्पिन देऊन मरगळ आणायची आणि नवं औषध ती मरगळ घालवतं का हे पाहायचं, अशी नवी परीक्षाच काढली. ‘वनस्पतीच ती, अपाय काय होणार’ असं म्हणणाऱ्याला मी सर्पगंधेचं नाव सांगतो.

अश्वगंधेचंही सगळं गोडच आहे असं नाही. ती घेणाऱ्या काही जणांना कावीळ, यकृताला सूज आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये उत्पादकांना बजावलं होतं, की परंपरेनं वापरात आहे ते मूळ, तेव्हा पानं वापरू नका. पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना घातक ठरू शकणारं रसायन जास्त असतं आणि पानं स्वस्त पडतात. त्यामुळे डबीवर नुसतं ‘अश्वगंधा अर्क’ असेल तर ती खाली ठेवावी. ‘मूळ’ असं लिहिलेलं, विथॅनोलाइडची टक्केवारी आणि एका गोळीतलं मिलिग्रॅम दिलेलं हवं. ग्रंथोक्त औषधाला परवाना मिळवताना ग्रंथातला आधार चालतो, त्यामुळे डबीवरचा परवाना क्रमांक म्हणजे माणसांवर चाचणी झाल्याचा दाखला नव्हे. चाचणी झाल्याचा दावा असेल तर तिचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. ही भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून सगळ्यांना इंटरनेटवर फुकट बघता येते, आणि चाचणी सुरू होण्याआधी काय मोजायचं ठरलं होतं तेही तिच्यात असतं.

ब्राह्मी, मग ती कुठलीही, गटाराच्या किंवा हायवेच्या कडेची तोडू नका. चिखलातले जड धातू या वनस्पती शोषून घेतात. थायरॉइडची, झोपेची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर अश्वगंधा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि विचारायला जाताना डबी सोबत न्या. ‘आयुर्वेदिक काहीतरी घेतो’ एवढ्यावरून त्यांना आत काय आहे ते कळणार नाही.